ठाण्यातला जिम्नॅस्टिक्स क्लास, अडीच वर्षांनंतरचा रिव्ह्यू: फी, मॅट्स आणि फिजिओच्या खोलीचं दार

साडेतीन स्टार. चार देणार होते, अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आधीच सांगते, क्लासचं नाव लिहीत नाहीये. घोडबंदर रोडच्या बाजूला आहे एवढं पुरे. मुलींबद्दल लिहायचंय, बॅच छोटी आहे, नाव टाकलं की कोण कुणाची लेक हे अख्ख्या कॉम्प्लेक्सला कळणार. ज्यांना खरंच ॲडमिशन घ्यायचीय त्यांनी मेसेज करा, सांगेन.

तर नेहमीचं आधी उरकते. फी तीन महिन्यांची साडेअकरा हजार, वर ॲडमिशनचे दोन हजार, ते परत मिळत नाहीत. आठवड्यातून चार दिवस, साडेपाच ते साडेसात, आणि साडेसात म्हणजे पावणेआठ समजून चला. एक मोठा बीम, दोन जमिनीलगतचे, बार्सचा एक सेट, व्हॉल्टचं टेबल जुनंय पण हलत नाही. क्रॅश मॅट चांगल्या आहेत, गेल्या पावसाळ्यात एकीला बुरशी आली तर दोन दिवसांत काढून टाकली, आधीच्या क्लासमध्ये तीच उलटी करून घातली असती. पार्किंग नाही. पालकांना प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एक पंखा, तो पण चॉक पावडर उडवत बसतो, काळा ड्रेस घालून जाऊ नका. शिकवणं एक नंबर. माझी चिऊ आली तेव्हा तिला धड ब्रिज (मागे वाकून हात टेकवून कमान) टाकता येत नव्हता, आता बीमवर बॅक वॉकओव्हर (त्याच कमानीतून पाय डोक्यावरून मागे टाकणं) करते आणि मी अजूनही डोळे मिटून घेते.

पण हे कुणीही लिहील. मी ज्यासाठी लिहायला बसले ते म्हणजे मुलीच्या अंगाला हात कोण लावतं, कधी लावतं आणि तेव्हा तिथे कोण येऊ शकतं. जिम्नॅस्टिक्स हात न लावता शिकवताच येत नाही हो. बॅक वॉकओव्हरला कंबरेखाली एक हात आणि मांडीच्या मागे एक हात लागतोच, नाहीतर पोर मानेवर पडेल. म्हणजे ज्या गोष्टीला बाहेर आपण लगेच "ए, काय करतोय" म्हणू ती इथे रोजची. मग चांगला हात आणि वाईट हात अकरा वर्षांच्या मुलीने ओळखायचा कसा? आणि खुर्चीवर मोबाईल बघत बसलेल्या माझ्यासारखीने?

थोडं स्वतःबद्दल, कारण त्याशिवाय मी एवढी खोचक का ते कळणार नाही. मी खो-खो खेळायचे, सांगली जिल्ह्यात, आठवीपर्यंत. पोल डाइव्ह बरी मारायचे. आम्हाला दोन सर होते, एक छडीने पिंढऱ्यांवर मारायचे आणि दुसरे गूळ-शेंगदाणे द्यायचे. घोटा मुरगळला तेव्हा गूळ-शेंगदाणेवाले सर म्हणाले मालिश करून देतो, खेळाचं सामान ठेवायच्या खोलीत, आणि आतून कडी. घोट्याची मालिश घोट्यापाशी थांबली नाही, याहून जास्त लिहीत नाही. तिसऱ्या वेळेनंतर मी मैदानावर जायचं बंद केलं. घरी सांगितलं अभ्यास खूप आहे. आई म्हणाली बरं झालं, उन्हात काळी पडत चालली होतीस. बस, संपला माझा खो-खो. नवऱ्याला लग्नानंतर सहा वर्षांनी सांगितलं, आईला अजून माहीत नाही.

त्यामुळे २०१८ च्या जानेवारीत अमेरिकेतली लॅरी नासरची केस चालू होती तेव्हा मी रात्री पोरीला झोपवून मोबाईलवर एकेक जबाब वाचत बसायचे. नासर त्यांच्या जिम्नॅस्टिक्स टीमचा डॉक्टर, शिवाय मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत, उपचाराच्या नावाखाली मुलींचं लैंगिक शोषण करायचा. जज रोझमेरी अक्विलिना यांनी ज्यांना बोलायचंय त्या सगळ्यांना बोलू दिलं, दीडशेच्या वर मुली आणि बायका बोलल्या, मग ४० ते १७५ वर्षांची शिक्षा. दुष्ट डॉक्टर, बिचाऱ्या मुली, एवढंच आपल्याकडच्या बातम्यांत आलं. माझ्या डोक्यात दोन गोष्टी अडकल्या त्या वेगळ्याच होत्या.

एक म्हणजे रेचल डेनहॉलंडर. २०१६ साली नाव लावून पेपरकडे पहिली बोलली ती. तिच्यावर पंधराव्या वर्षी "उपचार" चालू असताना तिची आई त्याच खोलीत होती. हो, खोलीत! तो अशा बाजूने उभा राहायचा की आईला हात दिसू नयेत. हे वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला, कारण मी तोपर्यंत स्वतःला सांगत आले होते की आपण कायम सोबत बसू, मग काय होतंय.

दुसरी गोष्ट, तिथले कोच भयंकर कडक, खाण्यावर पहारा, आणि हा डॉक्टर म्हणजे मुलींशी गोड बोलणारा, हळूच खाऊ देणारा. माझे गूळ-शेंगदाणे. पोरं जिथे घाबरून असतात तिथे जो कोणी जरा मायेने वागतो तो देव होतो, आणि देवाविरुद्ध कोण बोलणार? म्हणून मी क्लास बघायला जाते तेव्हा पहिल्यांदा बघते कोच ओरडतो किती. लोकांना वाटतं कडक कोच म्हणजे शिस्त, मेडल. असेल. पण आधीच्या क्लासमध्ये सगळ्यांसमोर वजन करून "आज पण वडापाव वाटतं" असं म्हणायचे आणि चिऊने डबा खायचं सोडलं, तेव्हा तिथून काढलं मी तिला, त्याच आठवड्यात.

आता हा क्लास. इथल्या मॅम (मेन कोच बाई आहेत, हाताखाली दोन सर आणि एक ताई) दर तीन महिन्यांनी एका रविवारी पालकांना बोलावतात आणि मॅटवर उभं करून दाखवतात की कुठल्या स्किलला हात कुठे लागतो. माझ्या नवऱ्याला वाकवलं होतं ब्रिजमध्ये, सगळे हसून हसून मेले. पण त्यातून मला कळलं की सपोर्ट कंबरेला आणि मांडीच्या मागे, हात सपाट, आणि स्किल संपलं की लगेच बाजूला. यापेक्षा वेगळं काही दिसलं तर विचारा, "मी चुकले असेन तरी विचारा", असं त्या स्वतः म्हणाल्या. डेनहॉलंडरच्या आईला हेच कुणी सांगितलं नव्हतं की खरा उपचार दिसतो कसा.

आणि हात लावण्याआधी विचारतात. चिऊच्या भाषेत, "सर म्हणतात कंबरेला सपोर्ट देतोय, चालेल?" आणि ती नको म्हणाली तर तिरक्या मॅटवर तेच करायला लावतात, तोंड वाकडं न करता. सुरुवातीला मला हे फॅड वाटलं, खरं सांगते. दर वेळी काय विचारायचं, वेळ जातो. मग एकदा घरी तिच्या मावसकाकाने गालगुच्चा घेतला तर ही म्हणाली, "विचारलं नाही तुम्ही." काका ओशाळले, मी आतल्या खोलीत जाऊन हसले.

फिजिओची खोली. हे बघायलाच जा एकदा. दाराचा वरचा अर्धा भाग काचेचा, पडदा नाही, आणि आतून कडीच नाही. बसवलीच नाही. अमेरिकेत नासरनंतर जे नियम आले त्यात एक साधा मुद्दा आहे, लहान खेळाडूबरोबर मोठा माणूस असेल तर ते कुणालाही दिसलं पाहिजे आणि कुणालाही मध्येच आत येता आलं पाहिजे. मध्येच येता आलं पाहिजे, हे मला फार पटलं. कारण आपल्याकडची रुचिका गिऱ्होत्राची केस आठवा. १९९०, पंचकुला, १४ वर्षांची टेनिसपटू. हरियाणाच्या टेनिस असोसिएशनचे अध्यक्ष एस. पी. एस. राठोड, पोलिसात आयजी, यांनी खास कोचिंगचं बोलायला म्हणून बोलावलं, सोबतच्या मैत्रिणीला कोचला बोलवायला बाहेर पाठवलं. ती मैत्रीण परत आली. परत आली म्हणून तिला राठोड रुचिकाचा विनयभंग करताना दिसले, आणि तिने आणि तिच्या आईवडिलांनी पुढे १९ वर्षं ती केस सोडली नाही. २००९ च्या डिसेंबरमध्ये निकाल लागला, शिक्षा सहा महिने, आणि कोर्टातून बाहेर येतानाचं राठोड यांचं ते हसू सगळ्यांनी पेपरात पाहिलं. पुढे अपिलात शिक्षा वाढून दीड वर्ष झाली, सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये दोषी कायम ठेवलं पण भोगलेली शिक्षा पुरे म्हटलं. रुचिका हे काहीच बघायला नव्हती. शाळेने काढून टाकलं, भावावर चोरीच्या केसेस, १९९३ मध्येच तिने जीव दिला. हे लिहिताना पण बोट थांबतं.

असो. कडी नसलेलं दार बघून मी फॉर्म भरला एवढं खरं.

काउंटरवरच्या मुलाला मी विचारलं होतं, इंटर्नल कमिटी (लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी) आहे का? तो म्हणाला मॅडम ते ऑफिसवाल्यांसाठी असतं. नाही बाळा. २०१३ चा कायदा आहे त्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत स्टेडियम, क्रीडा संकुल, ट्रेनिंगची संस्था, स्पर्धेची जागा, सगळं लिहिलंय, राहायची सोय असो नसो. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर कमिटी हवीच, कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या लोकल कमिटीकडे. आणि अठराच्या आतलं पोर असेल तर पॉक्सो, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा कायदा, त्यात कळवणं सक्तीचं आहे, "घरातल्या घरात मिटवू" चालत नाही, संस्थेच्या प्रमुखाने आपल्या माणसाचं प्रकरण दाबलं तर त्याला स्वतःला वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर पोरांना पाठ करून द्या, फुकट लागतो. हे मला वकिलीण मैत्रिणीने शिकवलं. मॅमना सांगितलं तर त्यांनी लिहून घेतलं आणि महिन्याभरात तिघांची कमिटी केली, त्यात एक बाहेरच्या बाई. मोठ्या मोठ्या क्रीडा फेडरेशन्सना हे जमलं नव्हतं. २०२३ मध्ये पैलवान मुली जंतरमंतरवर बसल्या तेव्हा उघड झालं की देशातल्या जवळपास निम्म्या फेडरेशन्समध्ये धड कमिटीच नाही, मानवाधिकार आयोगाने नोटिसा काढल्या तेव्हा.

त्या आंदोलनाचा फोटो आमच्या पालकांच्या ग्रुपवर एकीने टाकला होता, २८ मे चा, विनेश आणि संगीता फोगटला रस्त्यावर पाडून पोलिसांनी धरलंय तो. लगेच दोन बाबा आले, "ग्रुपवर राजकारण नको." अरे, तुमच्या पोरी खेळतात ना? ज्यांच्याविरुद्ध त्या बसल्या होत्या ते कुस्ती फेडरेशनचे तेव्हाचे अध्यक्ष ब्रिजभूषण सिंह, त्यांच्यावर मे २०२४ मध्ये कोर्टाने लैंगिक छळाचे आरोप निश्चित केले, अल्पवयीन मुलीची वेगळी केस २०२५ मध्ये बंद झाली, ते सगळं नाकारतात, कोर्ट बघून घेईल. माझा मुद्दा तो नाहीच. ऑलिंपिक मेडल गळ्यात असलेल्या साक्षी मलिकला कुणी ऐकावं म्हणून फुटपाथवर झोपावं लागलं, आणि शेवटी प्रेस कॉन्फरन्समध्ये टेबलावर बूट ठेवून कुस्ती सोडावी लागली, मग आमच्या बॅचमधली आठ वर्षांची पोर कुणाला सांगणार? त्या दिवशी ग्रुपवर मी एवढंच लिहिलं आणि मग दोन दिवस कुणी गुड मॉर्निंग पण टाकलं नाही.

मुलग्यांच्या आईबाबांनो, तुम्ही पण वाचा. क्लासमध्ये सहा मुलगे आहेत, त्यातल्या एकाची आई मला म्हणाली, आमचं काय, मुलगा आहे. इंग्लंडमध्ये बॅरी बेनेल नावाचा फुटबॉल कोच होता, पोरांना शोधून मोठ्या क्लबला नेणारा, २०१६ मध्ये अँडी वुडवर्ड नावाचा जुना खेळाडू त्याने लहानपणी केलेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल बोलला आणि मग रांगच लागली. २०१८ मध्ये त्याला ३१ वर्षांची शिक्षा झाली, त्या खटल्यात १२ मुलं, ५० गुन्हे. सगळे मुलगे. पॉक्सो पण मुलगा-मुलगी बघत नाही. त्या बाईंनी पुढच्या रविवारी प्रश्न विचारले बरं का, माझ्यापेक्षा जास्त.

बाहेरगावची स्पर्धा ही खरी परीक्षा. २०२२ मध्ये स्लोव्हेनियाला कॅम्पला गेलेल्या सायकलिस्ट मुलीने कोचविरुद्ध तक्रार केली, एकाच रूममध्ये राहायला लावलं म्हणून, मग साईने (भारतीय क्रीडा प्राधिकरणाने) नियम काढला की टीममध्ये मुली असतील तर बाई कोच सोबत हवी. नियम दिल्लीत, आम्ही बालेवाडीला. आमच्या ताईला आदल्या रात्री ताप आला. मला रात्री नऊला मॅमचा फोन, "ताई येऊ शकत नाहीये, मी मुंबईच्या बॅचबरोबर अडकल्येय, फक्त सर जाणार असतील तर आम्ही मुलींना नेत नाही, तुमच्यापैकी कुणी येईल का?" एंट्री फी भरलेली, पोरी बॅग भरून बसलेल्या, कुठलाही दुसरा क्लास गुपचूप सरांबरोबर पाठवून मोकळा झाला असता आणि बहुतेक काही झालंही नसतं. मी सुट्टी टाकून गेले. सहा मुली, दोन रूम, सर खालच्या मजल्यावर, आणि सर काही सांगायला आले की बाहेर पॅसेजमध्ये उभे राहून सांगायचे, पोरी दारात. सरांना मी म्हटलं तुम्हाला हे सगळं अपमान नाही का वाटत? तर म्हणाले, "काकू, उलट मला बरं. उद्या कुणी काही म्हटलं तर सगळ्यांनी बघितलेलं असतं." (मला काकू म्हणाला! एकतीसचा घोडा. तो अर्धा स्टार यासाठी नाही कापला, पण मनात होतं.)

रस्त्याचं काय करायचं ते मात्र कुठल्याच क्लासला सुटलेलं नाही. थंडीत रविवारी सकाळी सहाला उपवन तलावाला पळायला नेतात. मागच्या वर्षी दोन बाईकवाले सलग तीन रविवार मोबाईल धरून हळूहळू बाजूने चालवायचे, पोरी लेगिंग्ज-टीशर्टमध्ये, वय किती तर दहा ते चौदा. क्लासने काय केलं, एक सर पुढे, एक सायकलवर मागे, आणि बाईकचा नंबर घेऊन चौकीवर अर्ज दिला. बाईकवाले दिसेनासे झाले. हे ठीक. पण काही पालकांचं म्हणणं होतं की मुलींना पळणंच बंद करा. ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्ल्ड कपला आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या दोन क्रिकेटर इंदूरमध्ये चालत कॅफेला निघाल्या आणि बाईकवाल्याने मागे लागून छेड काढली, त्यावर तिथले एक मंत्री म्हणाले खेळाडूंनी बाहेर पडताना सांगायला हवं होतं. तोच सूर. आठवड्याने त्यांची टीम नवी मुंबईत डी. वाय. पाटीलला आपल्याशी सेमीफायनल खेळली, आम्ही घरी टीव्हीसमोर ओरडत होतो, आणि मला सारखं वाटत होतं की त्यातल्या दोघींना आपला देश काय म्हणून लक्षात राहणार.

आता अर्धा स्टार. जूनमध्ये एक नवीन असिस्टंट सर आले, तेवीस-चोवीसचे, आणि त्यांनी मोठ्या बॅचच्या मुलींना इन्स्टावर फॉलो केलं. रात्री साडेदहाला रील पाठवायचे, "आज छान स्प्लिट", एक हार्ट. एवढंच. लिहिलं तर काहीच नाही वाटत, मला माहितीये. एका मुलीने चिऊला दाखवलं, चिऊने मला. मी कमिटीच्या बाहेरच्या बाईंना फोन लावला, बोर्डावर नंबर आहे ना, तर नंबर बंद. त्या बाई मार्चमध्येच बंगळुरूला गेल्या होत्या म्हणे, कुणी बदललाच नाही. मग मेल केला. उत्तर यायला नऊ दिवस लागले. नऊ दिवस तेच सर, तीच बॅच, मी रोज खुर्ची बीमच्या बाजूला ओढून बसायचे. दहाव्या दिवशी मॅमनी बोलावलं, सरांना काढलं नाही, मेसेजिंग बंद, लहान बॅचकडे बदली, आणि लेखी नियम की कोच-मुलांचा मेसेज फक्त पालक असलेल्या ग्रुपवर. मला विचाराल तर लहान बॅचकडे बदली हा प्रकार डोक्यावरून गेला. मोठ्यांपासून हलवून छोट्यांकडे? मी तसं तोंडावर म्हटलं, मॅम गप्प बसल्या, मग दोन आठवड्यांनी सर स्वतःच सोडून गेले. कुठे गेले, तिथे कुणी विचारलं का, याचं उत्तर मॅमकडे नव्हतं, आणि दुसऱ्या कुठल्या क्लासने त्यांना फोन करून विचारलंही नाही.

तरीही क्लास बदलला नाही मी. का, तर चिऊ. ऑगस्टमध्ये तिचं मनगट दुखावलं, फिजिओ बदली आलेल्या, नवीन. मी ट्रॅफिकमध्ये अडकलेले. पोहोचले तर ती काचेच्या दाराबाहेर बाकावर बर्फ धरून बसलेली आणि फिजिओ मॅडम शेजारी बसून तिच्याशी नागपुरी संत्रा बर्फीबद्दल बोलत होत्या. चिऊ म्हणाली, "मी सांगितलं आई आल्यावर. त्या म्हणाल्या बरं." मी तिच्या वयाची असताना मला हे वाक्य सुचलं नव्हतं. कुणी शिकवलंच नव्हतं.

नवीन बॅच एप्रिलमध्ये, फॉर्म काउंटरवर, आधार आणि डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. वर्षाची फी एकदम भरली तर दहा टक्के सूट आहे. मी या वेळी तीनच महिन्यांची भरली. बोर्डावर अजून बंगळुरूवाल्या बाईंचाच नंबर आहे, तो बदलला की बाकीची भरते असं काउंटरवर सांगून आलेय.